इंदूरहून मुंबईला विमानाने: निघण्याआधी काय काय बघायचं

इंदूर ते मुंबई हवाई अंतर साधारण 505 किलोमीटर. जेट विमान वर गेल्यावर ताशी 800 किलोमीटरच्या आसपास धावतं. या हिशेबाने पाऊण तासही लागू नये, पण तिकिटावर सव्वा तास किंवा थोडा जास्तच दिसतो. तो वेळ इंदूरला विमान जागेवरून हलल्यापासून मुंबईत जागेवर उभं राहीपर्यंतचा. त्यातून मुंबईच्या जुन्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. गर्दी असली की विमान आभाळात घिरट्या घालत बसतं. तेव्हा मुंबईत लग्नाचा मुहूर्त गाठायचा असेल, तर सकाळचं नको, आदल्या दिवशीचं विमान घ्या.

तिकीट हातात आलं की आधी विमानतळाचा कोड वाचा. डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईहूनही विमानं सुटतात. ‘बीओएम’ लिहिलं असेल तर जुना विमानतळ, ‘एनएमआय’ असेल तर नवी मुंबईचा. पनवेलला मामाकडे जायचं तर नवा बरा, पार्ल्याला जुना. जुन्यावर टर्मिनलचा आकडाही बघा, नाहीतर घ्यायला आलेले भाऊजी एकीकडे आणि आपण दुसरीकडे. नाव ओळखपत्रावर आहे तसंच तिकिटावर हवं. आजी-आजोबांसाठी व्हीलचेअर लागणार असेल तर ती आधीच नोंदवा.

आता उलटं मोजा. विमान 9 वाजता असेल तर सामान घेणारा काउंटर बहुतेक कंपन्यांचा 8 ला बंद. म्हणजे 7 पर्यंत पोहोचायचं. इंदूरच्या रामबागेतून सकाळी अर्धा तास पुरतो. संध्याकाळी मात्र बडा गणपतीच्या चौकाचा भरवसा धरू नका, आणखी अर्धा तास हाताशी ठेवा. वेब चेक-इन घरीच उरका.

सामानाचं वजन घरच्या काट्यावर करा. साधारणपणे आत द्यायचं 15 किलो, हातातलं 7. शेव, चिवडा कुठेही चालतो. लोणच्याची बरणी आणि तिखटाचं पुडकं हातातल्या पिशवीत नको. बरणीचं झाकण चिकटपट्टीने बांधून, दोन प्लास्टिक पिशव्यांत घालून मोठ्या बॅगेत, जुन्या साडीच्या घडीत ठेवा. आजोबांच्या पानाच्या बटव्यातला अडकित्ताही काढून तिथेच टाका. पॉवर बँक याच्या उलट: हातातच.

उतरल्यावर पट्ट्यावरून बॅग येईपर्यंत अर्धा तास धरा, मग मुंबईचं ट्रॅफिक. घरातून घरापर्यंत पाच-सहा तास सहज जातात. बोरिवलीला जाणाऱ्याने तर अवंतिका एक्सप्रेस या रेल्वेगाडीचाही विचार करावा: रात्रभर झोपून पहाटे थेट बोरिवलीत.