बायकांनी स्नोबोर्डची बाइंडिंग कशी निवडायची: रंग नाही, पोटरी बघा

जळगाव, भुसावळ, धुळ्याच्या पोरी आता झेलम पकडून जम्मूमार्गे गुलमर्गला जातात, कोणी औलीला जातात, आणि हिवाळा जवळ आला की मला विचारतात, ताई बाइंडिंग (बूट स्नोबोर्डला पकडून ठेवणारी पट्ट्यांची चौकट) कोणती घेऊ. तोवर कोणीतरी सांगून मोकळं झालेलं असतं की लेडीज आहे ना, मग स्मॉल घे, सॉफ्ट घे. असलं बिलकुल ऐकू नका. बाइंडिंग बुटाच्या मापाने घ्यायची असते.

म्हणून आधी बूट. टाच भिंतीला टेकवून कागदावर पायाची लांबी मापा, संध्याकाळी मापा कारण आपल्याकडच्या उन्हात दिवसभरात पाय सुजतो. स्नोबोर्डच्या बुटावर मोंडोपॉइंटचा आकडा असतो, 24 म्हणजे 24 सेंटिमीटरचा पाय. चपलेचा नंबर विसरा.

बूट ठरला की ज्या कंपनीची बाइंडिंग घेताय तिचाच साइज चार्ट बघा, एकीचा मीडियम दुसरीचा स्मॉल असू शकतो. बोर्डवर भोकं आहेत की बर्टनसारखी लांब खाच (चॅनल) ते बघून त्याला बसणारी डिस्क (बाइंडिंग बोर्डला जोडणारी चकती) घ्या. स्टेप ऑन (पट्ट्या न आवळता बूट नुसता दाबून अडकवायची बाइंडिंग) घ्यायची असेल तर बूटही स्टेप ऑनचेच लागतात. फ्लेक्स, म्हणजे बाइंडिंग किती लवते ते, शिकताना सॉफ्ट ते मध्यम, बस.

आता खरी गोष्ट, हायबॅक, म्हणजे मागचा उभा भाग ज्यावर पोटरी टेकते. माझे सुरुवातीचे सगळे हाल इथेच झाले. भाड्याच्या दुकानात पुरुषांची बाइंडिंग हातात द्यायचे, काही विचारलं की चलता है, आणि दुपारपर्यंत पोटरीत असे गोळे यायचे की बर्फातच बसून बूट सैल करावा लागायचा, पंजाला मुंग्या आल्या की वाटायचं आपल्यातच दम नाही. दम भरपूर होता. बायकांच्या पोटरीचा स्नायू साधारणपणे पुरुषांपेक्षा खालपर्यंत उतरलेला असतो, त्यामुळे पुरुषांच्या उंच हायबॅकची वरची कड बरोबर त्या मांसावर येते, आणि बोर्डच्या टाचेकडच्या बाजूवर वळताना सगळा भार मागे गेला की ती कड पोटरीत रुतते. बायकांच्या चांगल्या बाइंडिंगमध्ये हायबॅक बुटका असतो, वरची कड बाहेर वळवलेली असते. नुसता गुलाबी रंग दिला म्हणजे लेडीज होत नाही, हायबॅक हातात घेऊन कड बघा.

टेस्ट घरी फरशीवर होते, बर्फ लागत नाही. जाड मोजा आणि बूट घाला, दोन्ही बाइंडिंग बोर्डवर बसवा, खाली सतरंजी टाका, स्ट्रॅप आवळा आणि समोर कोणालातरी दोन्ही हात धरायला लावा. गुडघे वाकवून टाचांवर रेला आणि दोनेक मिनिटं तसंच राहा, पटकन उठू नका. हायबॅकची कड बुटाच्या वरच्या काठाच्या वर निघत असेल तर ती बाइंडिंग परत करा, माझं ठाम मत आहे, पॅडिंग लावून किंवा सवय होईल म्हणून ती बरी होत नाही. कड बुटाच्या काठाखाली आहे आणि दाब पोटरीभर सारखा पसरतोय, एका रेषेत टोचत नाही, तर ठीक. ही टेस्ट फॉरवर्ड लीन (हायबॅक पुढे किती झुकवलाय ते) शून्यावर ठेवून करा. काही जण सगळ्यांनाच लीन वाढवायला सांगतात, पण खाली उतरलेल्या पोटरीला हायबॅक आधीच पुढे ढकलत असतो, त्यात लीन वाढवला की गुडघे सतत वाकलेले राहतात आणि मांड्या पेटतात. डोंगरावर गरज वाटली तर एकेक खाच वाढवा.

आणि हो, उंच असाल, पाय मोठा असेल, पोटरी वर असेल तर पुरुषांची बाइंडिंग बिनधास्त घ्या. टेस्ट पास झाली की झालं.

स्ट्रॅपचं थोडक्यात. घोट्यावरच्या पट्ट्याची गादी बुटाच्या मधोमध यायला हवी, एका बाजूला सरकत असेल तर पट्ट्याची लांबी बदला. दातांची पट्टी शेवटच्या दातापर्यंत ओढूनही बूट हलत असेल तर बाइंडिंग मोठी आहे, आणि मोठ्या बाइंडिंगमध्ये टाच डावीउजवीकडे डुलते, तुम्ही वळायला सांगता आणि बोर्ड उशिरा ऐकतो. टाच मागच्या कपात पक्की बसायला हवी.

बसवताना बूट बोर्डच्या दोन्ही कडांबाहेर सारखाच निघेल असं बघा. स्क्रूला 3 नंबरचा फिलिप्स (चौफुलीच्या टोकाचा) स्क्रूड्रायव्हर लागतो, घरातला बहुतेक 2 नंबरचा असतो आणि त्याने स्क्रूचं डोकं घासून जातं, तर 3 नंबरचा आणून बॅगेतच टाका, पहिल्या एकदोन उतारांनंतर स्क्रू परत आवळावे लागतात.