न्यूज चॅनेलमध्ये येताय? सरकारचा हात कुठून पोहोचतो ते आधी पाहून घ्या

पत्रकारितेचा डिप्लोमा करून येणाऱ्या मुलांच्या डोक्यात एक ठरलेलं चित्र असतं. मंत्र्याचा फोन येतो, संपादक घाबरतो, बातमी पडते. असे फोन येतात, नाही असं नाही. पण माझ्या डोळ्यांदेखत पडलेल्या बहुतेक बातम्यांना फोनची गरजच लागली नाही.

एका खात्याच्या टेंडरची बातमी होती. कागद हातात, बाईट (कॅमेऱ्यासमोरची प्रतिक्रिया) झालेला, पॅकेज म्हणजे पूर्ण बातमीचा व्हिडिओ एडिट होऊन तयार. सहाच्या रनडाऊनमध्ये, म्हणजे बुलेटिनच्या बातम्यांच्या यादीत होती, ती सातला सरकली, मग नऊला. नऊला पावसाची बातमी आली आणि तिची जागा गेली. दुसऱ्या दिवशी विचारलं तर आउटपुटवाले, म्हणजे काय दाखवायचं ते ठरवणारे, म्हणाले, "आता शिळी झाली रे." "नाही" असं कुणीच म्हणालं नव्हतं. त्याच आठवड्यात सरकारी जाहिरातींचं मोठं काम चॅनेलकडे यायचं होतं, हे मार्केटिंगच्या मित्राकडून नंतर कळलं. दोन्हींचा संबंध मी सिद्ध करू शकत नाही. या धंद्यात तो सहसा कुणालाच करता येत नाही.

मुळात परवान्याचं गणित समजून घ्या, कारण मालकाची भीती तिथून सुरू होते. वर्तमानपत्राला नोंदणी पुरते. चॅनेलला मात्र अपलिंकिंग-डाउनलिंकिंगची, म्हणजे सिग्नल उपग्रहावर पाठवण्याची आणि तिथून खाली घेण्याची परवानगी माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून घ्यावी लागते आणि त्यासाठी गृह मंत्रालयाची सुरक्षा मंजुरी लागते. केरळच्या मीडियावन चॅनेलला ही मंजुरी नाकारली गेली आणि 31 जानेवारी 2022 रोजी प्रक्षेपण बंद पडलं. कारणं बंद लिफाफ्यात कोर्टाला दिली. चॅनेलला ती दाखवलीच नाहीत. उच्च न्यायालयात चॅनेल हरलं. अखेर 5 एप्रिल 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंदी रद्द केली आणि सरकारच्या धोरणांवर टीका केली म्हणून चॅनेल व्यवस्थाविरोधी ठरत नाही, असं सांगितलं. निकाल लांबलचक आहे, तरी वाचाच. कॉलेजात शिकवतात त्या अभिव्यक्ती स्वातंत्र्याच्या कलम 19 पेक्षा जास्त उपयोगी पडेल.

दुसरं वाचायचं ते केबल टीव्हीच्या 1994 च्या नियमांतला नियम 6, म्हणजे प्रोग्रॅम कोड (काय दाखवायचं नाही याची यादी). 26/11 ला ताजबाहेरून जे लाइव्ह चाललं, त्यावर सर्वोच्च न्यायालयाने कसाबच्या निकालात कडक ताशेरे ओढले होते. 2015 मध्ये या नियमात भर पडली: दहशतवादविरोधी कारवाई सुरू असताना थेट प्रक्षेपण नाही, कारवाई संपेपर्यंत नेमलेल्या अधिकाऱ्याची ब्रीफिंग तेवढी दाखवायची. पठाणकोट हवाई तळावरच्या दहशतवादी हल्ल्याच्या कव्हरेजवरून 2016 मध्ये एनडीटीव्ही इंडियाला एक दिवस बंद ठेवण्याचा आदेश निघाला तो याच नियमाखाली. गदारोळ झाल्यावर तो स्थगित करावा लागला. नियमाचा हेतू मला पटतो. पण फील्डवर एखादा इन्स्पेक्टर साध्या मोर्चाच्या लाठीमारालाही "लाइव्ह बंद करा, नियम आहे" म्हणतो. तेव्हा शांतपणे विचारा, "साहेब, कुठला नियम?" आवाज चढवू नका आणि कॅमेरामनला मागे सरकून शूट चालू ठेवायला सांगा.

अधिस्वीकृती कार्डाबद्दल, म्हणजे पत्रकाराच्या सरकारमान्य ओळखपत्राबद्दल थोडक्यात. ते सरकारच देतं. मंत्रालयाचा प्रवेश, एसटीची सवलत, सगळं ठीक. पण बातमीचा सोर्स त्या कार्डावर अवलंबून ठेवू नका.

बातमी टिकवायची असेल तर कागद जमवा. माहिती अधिकाराचं उत्तर, शासन निर्णयाची प्रत, आणि संबंधित खात्याला प्रश्न विचारल्याचा ई-मेल. उत्तर आलं नाही तरी तो मेल जपा. नोटीस आली की चॅनेलचा वकील पहिल्यांदा तोच मागतो.

आणि नोकरीच्या मुलाखतीत पगाराबरोबर हेही विचारा, की नोटीस आली तर वकील कोण देणार. स्ट्रिंगर (बातमीमागे पैसे मिळणारा, पगारी नसलेला बातमीदार) म्हणून घेत असतील तर दोनदा विचारा. तिथे अनेकदा नेमणूकपत्रच नसतं. हातातल्या बूमवर, म्हणजे माइकवर, लोगो चॅनेलचा असतो, पण एफआयआरमध्ये नाव तुमचं पडतं.