नर्स ठेवताना नोंदणी बघा, वही ठेवा

घरी आईवडिलांसाठी नर्स पुरवणाऱ्या ब्युरोकडून ‘सिस्टर’ मागवली की पुष्कळदा प्रशिक्षण न घेतलेली मदतनीस येते. अंघोळ, जेवण, चालवणं एवढ्यासाठी ती पुरेशी असते. पण इन्सुलिन, कॅथेटर (लघवीची नळी), नाकातली नळी असं काही असेल तर जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बीएस्सी नर्सिंग झालेलीच हवी. महाराष्ट्रात असाल तर तिचं महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं नोंदणीपत्र बघायला मागा. संकोच करू नका, खरी नर्स ते आनंदाने दाखवते.

हृदयाचे, किडनीचे, मधुमेहाचे डॉक्टर वेगवेगळे असतील तर नर्सचा खरा उपयोग सांगड घालण्यात आहे. एक जाड वही ठेवा. बीपी, साखर, लघवीचं प्रमाण, कुठली गोळी किती वाजता दिली, हे तिने वेळेसह लिहावं. नवं प्रिस्क्रिप्शन आलं की जुन्या गोळ्यांशी ताडून बघायला सांगा. एकच औषध दोन ब्रँडच्या नावांनी सुरू राहणं फार सहज घडतं! शंका आली तर गोळी बंद करण्याचा निर्णय मात्र डॉक्टरांचाच.

आणि तिला फोन करायला घरातलं एकच माणूस नेमा. तीन भावंडांच्या तीन सूचनांत तिची फार ओढाताण होते.