कॅम्पर व्हॅनच्या प्लास्टिक सिंकला ड्रेन बसवताना काय लावायचं

स्टीलच्या सिंकला चालणारी प्लंबर पुट्टी प्लास्टिकला लावू नका, त्यातलं तेल एबीएस किंवा अ‍ॅक्रिलिक या प्लास्टिकांमध्ये मुरतं आणि मग नट आवळलेल्या जागी बारीक तडे जायला लागतात, लगेच कळत नाही हीच पंचाईत. सरळ न्यूट्रल क्युअर सिलिकॉन घ्या (व्हिनेगरसारखा वास मारतं ते नको), गाडी हलत असते त्यामुळे सुकल्यावरही रबरासारखं लवचिक राहणारंच पाहिजे. पॉलीयुरेथेन सीलंट मात्र नको, ते इतकं घट्ट चिकटतं की नंतर ड्रेन काढायचा झाला तर सिंकच फुटू शकतं.

आधी जुना चिकटा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, अ‍ॅसिटोन अजिबात नको, एबीएस विरघळतं. सिलिकॉन फक्त ड्रेनच्या वरच्या कॉलरखाली (सिंकमध्ये वरून टेकणारी गोल कडा), सलग एक गोल. खालचा रबर वॉशर कोराच ठेवायचा, नाहीतर आवळताना तो सरकून बाहेर येतो.

नट हाताने घट्ट करून वर जेमतेम पाव फेरा, कडेने सिलिकॉन सगळीकडून सारखं बाहेर आलं की बास. 24 तास पाणी सोडू नका, मग सिंक भरून खाली कोरडा टिश्यू फिरवून बघा.

सिंक पॉलिथिलीनचं असेल तर त्याला सिलिकॉन धरतच नाही, तिथे चांगल्या रबर गॅस्केटवरच भिस्त.