कॅम्पेनसाठी ड्रॅगन शोधताय? चित्रं बाजूला ठेवा

डन्जन्स अँड ड्रॅगन्ससारख्या, टेबलाभोवती बसून गोष्ट रचत खेळायच्या खेळात तुम्ही कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांत (सेशनमध्ये) चालणारी एक लांब गोष्ट, चालवणार आहात; आणि नियमपुस्तक, फासे, चार-पाच खेळाडू आणि एक मोकळा रविवार तुमच्याकडे आहे, असं धरून चालते.

"आधी भन्नाट चित्र शोध, गोष्ट आपोआप सुचेल" हा सल्ला मी वर्षभर पाळला. गोष्ट सुचत नाही. चित्रातून रंग, पंख आणि दात मिळतात, आणि ते नियमपुस्तकात आधीच दिलेले असतात.

त्यापेक्षा एखादी जुनी दंतकथा निवडा. एकच. दहा वाचून खिचडी करू नका.

आता अवघड भाग. त्या कथेतलं ड्रॅगनचं वर्णन सोडून द्या आणि फक्त कारण काढा: तो चिडला कशामुळे, तिथे आला कशासाठी? माझ्या पहिल्या कॅम्पेनमधला लाल ड्रॅगन डोंगरात सोन्याच्या ढिगावर बसून होता. तिथवर पोचायला खेळाडूंना ८ सेशन लागली, लढाई ४० मिनिटांत आटोपली. फासे पिशवीत भरता भरता एका मैत्रिणीने विचारलं, "पण तो तिथे बसला का होता?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो प्रश्न मला फार लागला.

'बेओवुल्फ' या जुन्या इंग्रजी काव्यातला ड्रॅगन ३०० वर्षं पुरलेल्या धनावर निवांत पडून आहे. एक परागंदा माणूस चोरून आत शिरतो, धन्याची मर्जी राखायला एक पेला उचलून नेतो आणि मग मुलूख जळायला लागतो. मी त्यातला फक्त पेला घेतला. पहिल्याच सेशनला गोष्टीतल्या टॅव्हर्नच्या (दारूच्या गुत्त्याच्या) मालकिणीने खेळाडूंना त्यातून दारू दिली. काठाला एक पोचा, आतून काळपट. कुणी लक्ष दिलं नाही. चौथ्या सेशनला शेजारचं गाव जळालं, तेव्हा एकाने वहीची पानं मागे उलटली आणि 'पेला' या शब्दावर बोट ठेवलं. पेला परत करायचा, मालकिणीला पकडून द्यायचं, की ड्रॅगनलाच मारायचं? पुढची दोन सेशन फासा न टाकता नुसता वाद चालला. मला हवा होता तो खेळ हाच.

कारणं अशी बरीच सापडतात. आइसलँडच्या 'वोल्सुंग सागा' या जुन्या कथेतला फाफ्निर जन्माने ड्रॅगन नाहीच. बापाला मारून तो सोनं बळकावतो आणि पुढे ड्रॅगन होतो. त्याला मारायला नायकाला धाडणारा रेगिन त्याचाच भाऊ! म्हणजे मोहीम सोपवणाऱ्या माणसाचं पात्र तयारच मिळालं. ऋग्वेदातला वृत्र सोनं राखत नाही, पाणी अडवतो. कोरड्या नद्यांच्या मुलखात कॅम्पेन असेल तर तोच घ्या. पण कारण घ्या, नाव नको. वृत्राला नावासकट युरोपी किल्ल्यात बसवलं, की सगळंच खोटं वाटायला लागतं.

मग खुणा पेरा. ऑस्ट्रियातल्या क्लागनफुर्ट शहराजवळ १३३५ साली सापडलेली लोकरी गेंड्याची कवटी लोकांनी ड्रॅगनची मानली, आणि पुढे शहरातल्या चौकातल्या ड्रॅगनच्या पुतळ्याचं डोकं तिच्यावरून घडवलं. तुमच्या गावाच्या वेशीवरही अशी एक कवटी टांगा.

हिट पॉइंट (ड्रॅगन किती मार सोसतो तो आकडा) आणि बाकीचे आकडे पुस्तकातलेच ठेवा.

पेला मात्र पहिल्याच सेशनला द्या. एकदा मी तो गाव जळाल्यानंतर आणला, तर टेबलावरच्या सगळ्यांनी तो हातात घ्यायच्या आधीच ओळखला.