घरच्या ग्रुपमुळे मन खट्टू होत असेल तर

डोळे उघडल्या उघडल्या फोन हातात, ‘शुभ सकाळ’च्या फोटोंची रांग, मध्येच कुणाची तरी खोचक ओळ, चहा व्हायच्या आत चिडचिड सुरू. ग्रुप सोडायची घाई नको. माणसं आपलीच आहेत, आधी आवाज बंद करा.

व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप म्यूट करताना ८ तास, १ आठवडा आणि कायम असे पर्याय येतात. कायमचाच निवडा. सकाळी १० वाजता केलेलं ८ तासांचं म्यूट संध्याकाळी ६ला संपतं, नेमके आपण दमलेले असतो तेव्हा. मग ग्रुप अर्काइव्ह करा, म्हणजे तो चॅटच्या मुख्य यादीतून बाजूला जातो. इथे बरेच जण फसतात: चॅटच्या सेटिंगमध्ये अर्काइव्ह तसंच ठेवण्याचा पर्याय बंद असेल, तर नवा मेसेज येताच ग्रुप पुन्हा वर येऊन बसतो. ‘तातडीचं असेल तर सरळ फोन करा’ हे घरी आधीच सांगून ठेवा.

मेसेज वाचल्याची खूण असलेल्या निळ्या टिका बंद केल्या की दुसऱ्यांच्याही दिसेनाशा होतात. ग्रुपमध्ये मात्र त्या चालूच राहतात. म्हणून ‘वाचलंस, पण उत्तर नाही दिलंस’ हा रुसवा टाळायचा असेल, तर दुपारच्या जेवणानंतरची १० मिनिटं ठरवा आणि एरवी ग्रुप उघडूच नका.

आणि राग आलाच, तर उत्तर ग्रुपच्या चौकटीत टाइप करू नका, बोट चुकून ‘पाठवा’वर पडतं. स्वतःलाच मेसेज करायच्या चॅटमध्ये सगळं लिहा, तासाभराने वाचा. बहुतेकदा त्यातली एखादीच ओळ पाठवण्याजोगी उरते.