शेवंती उन्हाळ्यात जगवा, फूल दरवर्षी मिळेल

नर्सरीतून नोव्हेंबरात कळ्यांनी भरलेली कुंडी आणायची आणि फुलं वाळली की उपटून टाकायची, असं बहुतेक घरी चालतं. शेवंती खरं तर बहुवर्षायू. खान्देशात तिला थंडी मारत नाही. मारतो तो एप्रिल-मेचा ४३-४५ अंशांचा ताव आणि त्यानंतर जुलैत काळ्या मातीत साचलेलं पाणी.

बहर ओसरला की जानेवारी-फेब्रुवारीत झाड जमिनीपासून चार बोटांवर छाटा. महिनाभरात बुडातून काश्या, म्हणजे मुळाजवळचे नवे कोंब, निघतात. पुढच्या हंगामाचं झाड म्हणजे या काश्याच, जुनं खोड नव्हे. मार्चपासून कुंडी पूर्वेच्या भिंतीला किंवा कडुलिंबाच्या विरळ सावलीत सरकवा. गच्चीवर असेल तर ५० टक्क्यांची हिरवी जाळी बांधा. बुडाशी दोन इंच पालापाचोळ्याचं आच्छादन ठेवा. पाणी सकाळी लवकर. दुपारी पानं माना टाकतात म्हणून लगेच पाणी ओतू नका, संध्याकाळी ती आपोआप उभी राहतात. सकाळीही मान खाली असेल, तर आधी बोट घालून माती बघा: कोरडी असेल तर तहान, ओली असेल तर मूळ कुजतंय. उन्हाळ्यात खत बंद.

जूनमध्ये पाऊस बसला की मुळासकट काश्या वेगळ्या करा, किंवा तीन इंचांचे शेंडे कापून, खालची पानं काढून ओल्या वाळूत सावलीला खोचा. दोन-तीन आठवड्यांत मुळं धरतात. दहा इंची कुंडीला एक रोप पुरे. दोन भाग माती, एक भाग जाड वाळू, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड, एवढं मिश्रण चालतं. नुसती काळी माती भरू नका. पावसात तिचा चिखल होतो, उन्हात भेगा पडून मुळं तुटतात. अंगणात लावायची तर अर्धा फूट उंच वाफा करा आणि रोपांत एक फूट अंतर ठेवा.

लावल्यावर चार आठवड्यांनी वरचा अर्धा-एक इंच शेंडा नखाने खुडा. बाजूच्या फांद्या चार-पाच पानांच्या झाल्या की त्यांचेही शेंडे खुडा, साधारण कानबाईच्या सणाच्या आसपास, म्हणजे श्रावणात. ऑगस्टअखेर मात्र हात आवरा, नाहीतर कळ्याच खुडल्या जातील. एक शेंडा खुडल्याने दोन-तीन फांद्या फुटतात आणि फूल फांदीच्या टोकाला येतं, म्हणून न खुडलेलं झाड उंच, लुकडं आणि चार फुलांचं राहतं.

झाड तजेलदार, पण कळीचं नाव नाही? रात्री बघा, त्यावर रस्त्याचा दिवा पडतोय का. शेवंती लांब, अखंड अंधाऱ्या रात्रींवर कळी धरते. दिव्याकडची बाजू हिरवी आणि आडोशाची फुललेली, असं एकाच झाडावर दिसतं. कुंडी हलवणं हाच उपाय.

खुडणीच्या काळात १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विद्राव्य खत) दोन ग्रॅम लिटरभर पाण्यात, पंधरवड्याने एकदा. कळ्या दिसल्यावर नत्र कमी करा; जास्त झालं की पानं माजतात आणि मावा (रस शोषणारी बारीक कीड) धावून येतो. ढगाळ थंडीत तो कळीच्या देठाला चिकटलेला असतो. आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा, उरला तर पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा द्रवसाबण लिटरभर पाण्यात मिसळून संध्याकाळी फवारा. ऑक्टोबरच्या उन्हात पानामागे बारीक जाळी दिसली तर लाल कोळी. त्यालाही हाच फवारा, पण पानाच्या खालून. खालची पानं काळ्या ठिपक्यांनी करपत वर आली तर ती तोडून जाळा आणि पाणी फक्त बुडाशी द्या.

बोअरचं पाणी क्षारयुक्त असेल तर मातीवर पांढरा थर येतो, पानांच्या कडा वाळतात. पावसाळ्यात टाकीभर पागोळीचं पाणी साठवून महिन्यातून एकदा कुंडी तळातून वाहेपर्यंत धुऊन काढा.

उंच वाणांना तुराटीचा आधार लागतो. तो फांद्या वाकण्याआधी, सप्टेंबरातच द्या. बुटक्या वाणाला सहसा गरज पडत नाही.